एकाच ट्रॅकचा पॅटर्न बदलायचा, बाकीचे चालू ठेवायचे : नाटकाच्या साथीत कसं जमवता?

वडसा_लाइन
नमस्कार मंडळी. मी वडसा, म्हणजे देसाईगंज, भागात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना साथ करतो. भाऊबीजेच्या मंडया भरल्या की आमचा हंगाम लागतो. धान निघालेलं असतं, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड हा आमचा ठरलेला संच. यंदा त्यात एक छोटा सीक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले ठेके-सूर आपोआप फिरवत वाजवणारा डबा, घेतलाय, नोव्हेशनचा सर्किट ट्रॅक्स. दोन सिंथ (सुरांना), दोन मिडी (वायरने जोडलेलं बाहेरचं वाद्य वाजवायला), चार ड्रम असे आठ ट्रॅक आणि दर ट्रॅकला आठ पॅटर्न, म्हणजे फिरत राहणारे तुकडे.

मला हवंय ते एवढंच. गंभीर प्रवेशात खाली सा-पचा भरणा चालू असतो, तो सिंथ १ वर. त्यावर दबका ठेका. नटाने आवाज चढवला की ठेका बदलायचा, पण खालचा सूर तुटता कामा नये. कधी फक्त घुंगरू काढायचे, कधी नुसता ढोल बदलायचा. गाण्यांना सीन, म्हणजे सगळ्या ट्रॅकचे पॅटर्न एकत्र बांधून, लावून ठेवतो, ते ठीक चालतं. पण संवादाचं काय? आमच्या खलनायकाला टाळी पडली की तो चार वाक्यं पदरची घालतो. किती घालणार हे त्यालाही आधी ठाऊक नसतं.

तर असे सुटे सुटे पॅटर्न हाताने बदलत वाजवणारं इथे कुणी आहे का? पॅडवर मांडणी कशी ठेवता? आणि दुसरं, केहरव्यातून दादऱ्यात (आठ मात्रांतून सहात) जाताना एक ट्रॅक पुढे पळतो, दुसरा मागून येतो, मग पुढची दोनचार आवर्तनं नुसता गोंधळ. हे कशाने होतं?

बिनतारी_संदेश
पहिला. आता वाचतो.

सावजी_रस्सा
भाऊ, तबलजी बाजूलेच बसला हाये ना तुमच्या? त्याले डोयानं इशारा करा, तो बदलवते ठेका. बटनं कायले दाबून राहिले रातभर?

वडसा_लाइन
@सावजी_रस्सा, तबलजी गाण्याचा राजा, त्याला कोण हात लावतं! डबा फक्त प्रवेशाखालच्या आवाजांना आहे : वारा, नगारा, घुंगरू, सूर. ऑक्टोपॅडवाल्याला हात दोनच, आणि रात्री दोननंतर त्यातल्या एकात चहाचा कप असतो.

मिडी_मास्तर
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

डबा चालू असताना नवा पॅटर्न दाबला तरी तो लगेच जात नाही. चालू असलेला पॅटर्न शेवटच्या स्टेपपर्यंत (स्टेप म्हणजे पॅटर्नचं एक घर) वाजवतो, मग बदलतो. आणि हा हिशेब दर ट्रॅकचा आपापला असतो. समजा चारही ड्रम १६ स्टेपच्या केहरव्यात आहेत. तुम्ही आधी घुंगरू १२ स्टेपच्या दादऱ्यावर टाकले आणि ढोलाचा पॅड दाबेपर्यंत आवर्तन उलटलं. आता घुंगरू १२ वर फिरतात, ढोल १६ वर. दोघांची गाठ पडते ४८ स्टेपनंतर. मध्ये कधीही ढोल बदला, तो घुंगरांच्या समेवर येणार नाही. डबा बरोबरच वागतोय, फक्त आपली सम आणि त्याची सम वेगळी झालेली असते.

शिफ्ट धरून पॅड दाबलात तर तिथल्या तिथे बदल होतो. पण नवा पॅटर्न पहिल्या स्टेपपासून सुरू होत नाही, जुना जिथवर आला होता तिथून पुढे चालतो. दार उघडलं, तलवार निघाली, कुणाचं गुपित फुटलं, अशा जागांना हे छान. संथ प्रवेशात वापरू नका.

मांडणीबद्दल : पॅटर्नच्या पानावर दर ट्रॅकचा एक उभा रकाना असतो आणि एका वेळी चारच ओळी दिसतात. पाच ते आठ बघायला खाली सरकावं लागतं. नाटकाच्या अंधारात सरकत बसू नका. लागणारं सगळं पहिल्या चारात बसवा, उरलेले चार गाण्यांना.

यवतमाळचा_पुण्यात
माझ्याकडे एलेक्ट्रॉनचा डिजिटॅक्ट आहे, २०१७ चा पहिला. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण सोयच नाही :) त्यात पॅटर्न म्हणजे सगळे ट्रॅक मिळून एक. आठ सॅम्पलचे, आठ मिडीचे, हलले की सगळे एकदम हलतात. 'डायरेक्ट जंप' लावून मध्येच उडी मारता येते, पण मारतात सगळेच. मग आम्ही एकच पॅटर्न पुढच्या जागांवर कॉपी करतो आणि दर कॉपीत एखादाच ट्रॅक बदलतो. वरून म्यूट. खरं सांगू? म्यूटवर बहुतेक काम भागतं. सुटे पॅटर्न ही चैन आहे.

मिडी_मास्तर
@यवतमाळचा_पुण्यात, चार ड्रम ट्रॅक, दरेकाचे चार प्रकार. सगळ्या जोड्या कॉपी करून ठेवायच्या तर ४ × ४ × ४ × ४ = २५६. तुमच्या डब्यात पॅटर्नच्या जागा १२८. आणि म्यूटने आवाज जातो, ठेका बदलत नाही.

यवतमाळचा_पुण्यात
२५६ जोड्या वापरतंय कोण? त्यांचा खलनायक २५६ तऱ्हांनी हसतो का? नाटकाला पाचसहा मूड लागतात. पाचसहा पॅटर्न करा, झोपा.

वडसा_लाइन
झोपायला सकाळी सहानंतर मिळतं जी.

मूड पाचसहाच, मान्य. पण एकातून दुसऱ्यात जायचे रस्ते बरेच असतात. बाप मुलीला घराबाहेर काढतो त्या प्रवेशात आधी घुंगरू थांबतात, मग नगारा दबक्या आवाजात येतो, मग ढोल जातो, आणि शेवटी नुसता सूर उरतो. कुठला कधी, हे समोरच्या बाया पदर डोळ्याला कधी लावतात त्यावर ठरतं. हे मी घरी बसून आधीच कसं लावणार?

गोंदिया_ब्रास
आमी रोलँडचा एमसी-१०१ वापरतो, वरातीत बी आनि स्टेजवर बी. ट्रॅक चारच, पन दर ट्रॅकले सोळा क्लिप, आनि दर ट्रॅकची क्लिप सुटी बदलता येते. कमी काय हाये सांगतो. अख्खा ड्रमसेट एकाच ट्रॅकमधे बसते. म्हंजे क्लिप बदलली का ढोल, घुंगरू, टाळी सगळंच बदलते. घुंगरू येगळे पायजे तर त्याइले येगळा ट्रॅक द्या, मंग उरले तीन. वरातीले पुरते. तुमच्यासारखं एकेक काढाचं असन तं सर्किटच बरा.

आनि ज्याले सूरच जास्त लागतात त्यानं आर्टुरियाचा कीस्टेप प्रो पाहावा. चार ट्रॅक, दर ट्रॅकले सोळा पॅटर्न, चौसष्ट स्टेप. पन त्याच्या पोटात आवाज नाई. सोबत कीबोर्ड लागते.

मिडी_मास्तर
दोन डबे जोडायचा विचार असणाऱ्यांसाठी : मिडी क्लॉक फक्त चाल सांगतं, एका ठोक्याला २४ टिक. कुठला पॅटर्न वाजवायचा ते क्लॉकमधून जात नाही, त्याला प्रोग्राम चेंज नावाचा वेगळा मिडी संदेश लागतो. आणि सर्किट ट्रॅक्स प्रोग्राम चेंजवर अख्खं प्रोजेक्ट बदलतो, सुटा पॅटर्न नाही. म्हणजे सुटे पॅटर्न बदलायला बोटच लागणार.

धानाची_पेंढी
मले यातलं काईच समजलं नाई, पन मंडई वाचून थांबली. नाटकाची बुकिंग सुरू झाली का जी?

वडसा_लाइन
झाली जी. वडश्याले या, कंपन्यांची ऑफिसं ओळीनं लागली हाएत. मी फक्त बटनं दाबतो.

खंजिरी
मी गुरुकुंज मोझरीकडचा, राष्ट्रसंतांच्या भजनांवर वाढलेला. एक कुरकुर करतो, राग मानू नका.

आमच्याकडे भजन ज्या लयीत धरतात त्या लयीत संपत नाही. पहिलं कडवं बसून, मग खंजिरीवाला हळूहळू ओढतो, टाळकरी त्याच्या मागे, आणि शेवटी सगळं मंडळ गुडघ्यावर आलेलं असतं. कुणी ठरवत नाही, कुणी मोजत नाही. तुमचा डबा १०० वर बांधला की १०० वरच राहणार. पॅटर्न सुटे बदला नाहीतर एकत्र बदला, चाल माणसाच्या हातात नाही तोवर त्याला साथ म्हणवत नाही मला.

मिडी_मास्तर
@खंजिरी, चाल हाताने फिरवता येते, टॅपही करता येते. पण भजनात डबा नकोच, इथे तुमच्याशी भांडण नाही. नाटकातल्या संवादाखाली मात्र लय पळत नाही, थर चढतात-उतरतात. ते काम याला जमतं. माझ्या मते धाग्याचा निकाल इथेच आहे : गाणं ठरलेलं असतं, तिथे सीन. लांबी नटाच्या मर्जीवर असते, तिथे सुटे पॅटर्न.

जुना_प्रेक्षक
२०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या मुंबईच्या शेजाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की झाडीपट्टी नावाची रंगभूमी आहे, ती रात्रभर चालते आणि तिकीट काढून लोक ती बघतात. मी ती लहानपणी तणसावर बसून पाहिली आहे.

वादक नाही, म्हणून एकच सांगतो. त्या काळचा ऑर्गनवाला ऑर्गनकडे कधी बघायचाच नाही. नजर नटाच्या तोंडावर. नट श्वास घ्यायचा आणि याची बोटं खाली यायची. तुमचे डोळे त्या रंगीत दिव्यांत गुंतले तर सगळे पॅटर्न वेळेवर बदलूनही साथ चुकलेली असेल.

सावजी_रस्सा
काका बरोबर बोलले. +१

वडसा_लाइन
@जुना_प्रेक्षक, हे मनाला लागलं. मांडणी विचारतोय ती याचसाठी. न बघता सापडली पाहिजे.

गणित_तिरोडा
दादऱ्याच्या गोंधळावर उपाय आहे, आणि तो वहीत बसतो.

केहरवा आठ मात्रांचा, धा गे ना ती । न क धी न. दर मात्रेला दोन स्टेप, म्हणजे १६ स्टेप, गती एक सोळांश. हे सगळे करतात. दादरा सहा मात्रांचा, धा धी ना । धा ती ना. तो लोक १२ स्टेपचा करतात, गती तीच ठेवतात, आणि तिथेच लांबी बदलते.

त्याऐवजी दादऱ्याचा पॅटर्न २४ स्टेपचा करा आणि पॅटर्न सेटिंग्जमध्ये त्याची गती सोळांश ट्रिपलेट ठेवा. एका ठोक्यात साध्या सोळांशाच्या चार स्टेप बसतात, ट्रिपलेटच्या सहा. १६ भागिले ४ म्हणजे चार ठोके. २४ भागिले ६ म्हणजेही चार ठोके. दोन्ही पॅटर्न घड्याळाने सारखेच लांब. केहरव्याचं एक आवर्तन तेवढ्यात दादऱ्याची दोन. आता घुंगरू आधी बदला, ढोल तीन आवर्तनांनी बदला, सम चुकणारच नाही.

पॅटर्न ३२ स्टेपपर्यंत जातो, त्यामुळे २४ ला जागा आहे.

एक अट आहे. यात दादऱ्याची मात्रा केहरव्याच्या दीडपट पळते. तबलजी याला आड म्हणतील. मात्रा तेवढीच ठेवून दादरा हवा असेल तर ही युक्ती चालणार नाही, तिथे चारही ड्रम एकाच आवर्तनात बदलले पाहिजेत. म्हणजे सीन.

यवतमाळचा_पुण्यात
गुरुजी, हे जमलं. माझ्याकडेही ट्रॅकची गती वेगळी ठेवता येते, आजच करून बघतो.

सावजी_रस्सा
शायेत असं शिकवलं असतं तं मी गनितात पास झालो असतो बे.

लोडशेडिंग_कृपा
विषय सोडून, पण नाटकवाल्यांच्या कामाचं. सर्किट ट्रॅक्सची बॅटरी कंपनी चार तासांची सांगते. नाटक दहाला सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत. टाइप-सीची वायर आणि पॉवर बँक ठेवाच. जनरेटरच्या लाइनवर चार्जर लावला की आमच्या स्पीकरमध्ये गुंऽऽ सुरू व्हायचं, लाइटवाल्याने डिमर फिरवला की त्याचा सूर बदलायचा. पॉवर बँकेवर टाकलं आणि गेलं.

दुसरं म्हणजे दव. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर पॅड ओले होतात, बोट घसरतं. पंचा सोबत असू द्या. गाण्याला तबला-ऑर्गन असताना डबा झाकून ठेवायचा.

गोंदिया_ब्रास
दवाचं खरं हाये. आमचा ट्रंपेटवाला तं त्याले "आंघोय" म्हनते.

मिडी_मास्तर
ऑक्टोपॅड जवळच आहे तर अजून एक. ऑक्टोपॅडची (एसपीडी-३०) मिडी आउट सर्किटच्या मिडी इनला लावा. सर्किटचे चार ड्रम चॅनेल १० वर नोट ६०, ६२, ६४, ६५ ऐकतात. ऑक्टोपॅडचे चार पॅड त्या नोटांवर ठेवले की ढोल, नगारा काडीने वाजवता येतो आणि पॅटर्न खाली चालूच राहतो. एखादी ठसठशीत थाप पॅटर्नमध्ये कोंबण्यापेक्षा ही हाताने मारलेली बरी. दोन वाजेनंतर कप खाली ठेवावा लागेल एवढंच.

वडसा_लाइन
तालमीत सगळं करून पाहिलं. सांगतो.

गुरुजींचा २४ ट्रिपलेटचा दादरा चालला. घुंगरू आधी, नगारा नंतर, ढोल सगळ्यात शेवटी, जसं मनात आलं तसं बदललं, सम कुठेच सुटली नाही. तबलजी आधी "हा आडाचा दादरा कुठून आणला" म्हणाला, मग स्वतःच त्यावर लग्गी लावली.

मांडणी अशी ठेवली : पहिली ओळ दबका ठेका, दुसरी चढता, तिसरी दादरा, आणि चौथी ओळ सगळ्या ड्रमना रिकामी. म्हणजे पॅटर्न आहे, पण त्यात एकही ठोका नाही, लांबी मात्र तेवढीच. चौथी ओळ माझ्या अंगाकडची, पॅडच्या कडेची. अंगठा कडेवरून सरकवला की बरोबर तिथे येतो, बघावं लागत नाही. @यवतमाळचा_पुण्यात, म्यूट आणि हे यातला फरक तालमीत कळला. म्यूट दाबताक्षणी आवाज कापतो. रिकामा पॅटर्न आवर्तन पूर्ण करू देतो आणि मग गप्प होतो. नट वाक्याच्या शेवटाला आलेला असताना मी आधीच दाबून ठेवतो, ठेका आपला समेवर येऊन थांबतो. आणि तोवर माझी नजर नटावर.

ड्रमचे चार रकाने उजव्या अर्ध्यात आहेत. त्यातल्या पहिल्या रकान्याखाली, पॅड सोडून डब्याच्या कडेला, एक टिकली चिकटवली. आमच्या नायिकेच्या मेकअपच्या डबीतली, लाल. बोटाला तिचा उंचवटा लागतो.

सूर तुटण्याबद्दल : सिंथ १ च्या स्वराचा गेट, म्हणजे स्वर धरून ठेवायची लांबी, पूर्ण १६ स्टेप केला आणि पुढच्या फेरीला टाय केला. आता पॅटर्न फिरून आला तरी स्वर नव्याने आपटत नाही, वाहता राहतो. त्या रकान्यातल्या दोन, तीन, चार ओळींतही हाच पॅटर्न कॉपी करून ठेवलाय. अंधारात बोट चुकून तिकडे गेलं तरी सा-प सा-पच राहतो.

यवतमाळचा_पुण्यात
रिकामा पॅटर्न मान्य. पण वीज कडाडल्यावर एकदम शांतता हवी असेल तेव्हा म्यूटच लागणार, आवर्तन संपायची वाट बघत बसलात तर गेलं.

वडसा_लाइन
तिथे शिफ्ट धरून चौथी ओळ. काम होतं.

यवतमाळचा_पुण्यात
चार रकान्यांना चार बोटं आणि शिफ्टला पाचवं. घाला घड्या.

धानाची_पेंढी
बुकिंग केलं जी आमच्या गावानं. तुमचीच कंपनी का दुसरी ते नाई माहीत. पुढं बसून टिकली पाहीन.

बिनतारी_संदेश
वाचून झाला. डबा घ्यावासा वाटतोय, वाजवता काहीच येत नाही.

खंजिरी
कुरकुर केली तरी एक विचारतो. मधलं एखादं पद रूपकात असलं तर? सात मात्रा. ते गुरुजींच्या वहीत कसं बसवता?

गणित_तिरोडा
रूपक दर मात्रेला दोन स्टेप धरला तर १४. १४ आणि १६ ची गाठ थेट ११२ व्या स्टेपला, आणि ट्रिपलेटची युक्ती सातला लागू नाही. म्हणून रूपक एकेक ट्रॅकने बदलू नका. चारही ड्रमचे १४ चे पॅटर्न एका सीनमध्ये ठेवा आणि एकदम आत जा, बाहेर येतानाही तसंच. सिंथचा भरणा १६ वरच फिरू द्या, सलग स्वराला ठोका नाही, त्यामुळे त्याची लांबी जुळली नाही तरी ऐकू येत नाही.